तू त्यांचीच हाईस की!

(पत्र मोठं होतं, त्यातला गाभा तेवढा देतो. पेठांची आणि तालमींची नावं मुद्दाम गाळली आहेत.)

"सर, नमस्कार. मी कोल्हापूरची. माहेर एका पेठेतलं, सासर दुसऱ्या. दोन्ही पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल टीम आहेत आणि त्यांचं एकमेकींशी किती वाकडं आहे हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. मुलगा नववीत आहे. तालमीत त्याला सगळे 'बारक्या' म्हणतात, मॅचला झेंडा त्याच्या हातात असतो. गेल्या महिन्यात शाहू स्टेडियमवर या दोन टीमची मॅच झाली आणि आमची, म्हणजे सासरची, हरली. सुटल्यावर गेटबाहेर ढकलाढकली झाली. त्यात माझ्या भावाचा मुलगा पडला, गुडघा फुटला. माझा मुलगा दहा पावलांवर उभा होता, पण पुढं गेला नाही. त्या रात्री तो जेवला नाही. अकरा वाजता माझ्याजवळ येऊन त्यानं स्वतःच हे सांगितलं. मी भडकले. म्हटलं, 'अरे, तुझा सख्खा मामेभाऊ तो!' तर म्हणाला, 'तू त्यांचीच हाईस की!' सर, चौदा वर्षांच्या पोरानं मला परकं केलं. सासूबाई म्हणतात, तालीम बंद करा त्याची. मिस्टर म्हणतात, पोरगं आहे, विसरेल. ही दोघं लहानपणी एका ताटात जेवलीत. २०२२ च्या वर्ल्ड कपची फायनल माझ्या भावाकडं एका चटईवर बसून बघितली आणि मेस्सीनं कप उचलल्यावर गळ्यात गळे घालून रडली. मग आता असं का? मॅचच्या दिवशी मी तर आतल्या खोलीत जाऊन बसते, कुणाचीच बाजू घेत नाही. मे महिन्यात आईकडं जायचं आहे. दरवर्षी पुराच्या भीतीनं तिचं सामान माळ्यावर चढवावं लागतं. यंदा मुलाला नेऊ की नको?"

ताई,

न्या. कसं न्यायचं ते पुढं सांगतो. आधी मुलाबद्दल.

त्याला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या भावाकडून फोन आला नव्हता. तो गप्प राहिला असता तर तुम्हाला कधी कळलंही नसतं. जेवण सोडून, झोप सोडून, रात्री अकरा वाजता आईपाशी येऊन 'मी गेलो नाही' असं सांगणारं पोर आतून दुखावलेलं असतं. ते तुमच्याकडं कबुली द्यायला आलं होतं. तुम्ही भडकलात, कुठलीही आई भडकली असती. पण तुम्ही त्याला नात्याची आठवण करून दिली तेव्हा त्याच्या जिव्हारी लागलं, कारण नेमकं तेच त्याला आधीच खात होतं. मग हाताला लागला तो दगड त्यानं मारला. त्या दगडावर तुम्ही महिनाभर रडताय, हे पत्रातून दिसतंय.

मीही कोल्हापूरचाच. आठवीत असताना आमच्या पेठेची टीम हरली. दोन दिवसांनी वर्गातल्या मित्राकडं वही आणायला गेलो. तो जिंकलेल्या पेठेतला. भर दुपारची वेळ, घसा कोरडा पडलेला. त्याच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी म्हणालो, "नको, तुमच्या पेठेचं पाणी मी पीत नाही." ती माउली रागावली नाही. तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. त्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमले होते, ते मला आजही दिसतात. घरी परतल्यावर ही मर्दुमकी मी गल्लीत सांगितली आणि मोठ्या पोरांनी पाठ थोपटली. त्या थापेची ऊब मला हवी होती, म्हणून मी ते पाणी नाकारलं. हे कळायला मला मानसशास्त्र शिकावं लागलं.

तुमचा मुलगा दहा पावलं का चालला नाही, याचं उत्तर तिथंच आहे. त्याच्या शेजारी त्याची मोठी पोरं उभी होती.

तालीम त्याला काय देते ते बघा. घरात तो अभ्यास न करणारा नववीतला मुलगा. शाळेत साठातला एक. तालमीत मात्र तो 'बारक्या' आहे, त्याच्या हातात झेंडा आहे आणि तो आला नाही तर पाच जण विचारतात. चौदाव्या वर्षी 'मी कोण' या प्रश्नाला स्वतःचं असं उत्तर अजून सापडलेलं नसतं, तेव्हा 'आम्ही कोण' याचं तयार उत्तर फार मोठा आधार असतो. आपल्याकडं तर तालीम म्हणजे नुसता क्लब नव्हेच. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीच्या लाल मातीत रुजलेल्या या जागा. पुढं याच तालमींच्या फुटबॉल टीम उभ्या राहिल्या आणि पेठेची सगळी अस्मिता त्या जर्सीत जाऊन बसली. मुलानं तालमीवर जीव लावला यात काही वावगं नाही. तुम्ही माहेरच्या पेठेवर लावताच की.

आता तुमचा 'का'. प्रेम आपल्या माणसांवर असावं, पण पडलेल्या भावाकडं पाठ का फिरावी?

या प्रश्नाचा पिच्छा ज्यानं आयुष्यभर पुरवला, त्या माणसाबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. हेन्री ताजफेल, जन्म १९१९, पोलंडमधल्या ज्यू घरातला. शिकायला फ्रान्समध्ये गेला, महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता आणि जर्मनांच्या हाती सापडला. आपण पोलंडचे आहोत हे त्यानं लपवलं, फ्रेंच म्हणून कैदेत राहिला आणि म्हणून वाचला. युद्ध संपल्यावर बघतो तो जवळपास सगळं कुटुंब नाझींनी संपवलेलं. माणूस तोच, पण तो कुठल्या गटात मोजला जातो यावर त्याचं जगणं-मरणं ठरलं. पुढं इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात असताना त्यानं एक साधा प्रयोग केला. त्याची माहिती १९७० साली प्रसिद्ध झाली.

ब्रिस्टलच्या एका शाळेतली चौसष्ट मुलं, वय चौदा-पंधरा, अगदी तुमच्या मुलाएवढी. पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवायचे आणि किती होते ते विचारायचं. मग मुलांना सांगायचं की तू जास्त सांगणाऱ्यांच्या गटातला, तू कमी सांगणाऱ्यांच्या. प्रत्यक्षात वाटणी नुसती चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून दुसऱ्या दोन मुलांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. ती मुलं कोण हे माहीत नाही, फक्त नंबर आणि गट माहीत. वाटणाऱ्याला स्वतःला त्यातून एक पैही नाही. तरी बहुतेकांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. ठिपके मोजण्यावरून! तिथं पेठ नव्हती, झेंडा नव्हता, जुनं वैर नव्हतं.

पुढच्या एका प्रयोगातली गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. वाटपाच्या एका तक्त्यात एका टोकाला आपल्या गटाला १९ आणि समोरच्याला २५ होते, दुसऱ्या टोकाला आपल्याला ७ आणि समोरच्याला १. आपल्या माणसाचं भलं पाहायचं तर १९ घ्यावेत. पण मुलांचा कल दुसऱ्या टोकाकडं झुकला. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा वर असलो पाहिजे. ताजफेल आणि त्याचा सहकारी जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये यावर जो सिद्धांत मांडला त्याचं सार असं, की माणूस स्वतःच्या मोलाचा एक भाग आपल्या गटाकडून उसना घेतो. गट वर तर मी वर. आणि वर-खाली ठरायला शेजारी दुसरा गट लागतो.

म्हणून हरलेल्या मॅचनंतरचा तो अर्धा तास इतका जहरी असतो. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवलं होतं की कॉलेजची टीम जिंकली की मुलं 'आम्ही जिंकलो' म्हणतात, हरली की 'ते हरले' म्हणून हात झटकतात. पेठेत ही सोय नाही. टीम हरली तरी त्याच गल्लीतून घरी जायचं असतं, त्याच कट्ट्यावर बसायचं असतं. हार अंगावरून काढून ठेवता येत नाही, आणि अशा वेळी 'मी अजून पक्का आपल्यातला आहे' हे दाखवायची घाई होते. त्याच घाईत समोर भाऊ पडला होता.

फुटबॉलवाल्यांवरच इंग्लंडमध्ये झालेला एक प्रयोग आहे. तुमचं पत्र वाचताना मला तोच आठवत राहिला. मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी लँकेस्टर विद्यापीठात तो केला, २००५ साली छापून आला. मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्या विद्यार्थ्यांना बोलावून आधी त्यांच्या लाडक्या टीमबद्दल लिहायला लावलं आणि मग शेजारच्या इमारतीत जायला सांगितलं. वाटेत एक धावणारा माणूस घसरून पडतो आणि घोटा धरून कळवळतो. हे सगळं ठरवून केलेलं. कधी त्याच्या अंगात मँचेस्टर युनायटेडची जर्सी, कधी कट्टर वैरी लिव्हरपूलची, कधी साधा शर्ट. आपल्या जर्सीवाल्याला जवळजवळ सगळ्यांनी हात दिला. लिव्हरपूलवाल्याकडं फार थोडे वळले. पण साध्या शर्टवाल्याकडंही तेवढेच थोडे वळले! म्हणजे लिव्हरपूलच्या जर्सीवर कुणी दात धरला नव्हता. तो आपल्यातला नाही, एवढ्यानंच पाय हलले नव्हते. तुमच्या मुलानं त्या क्षणी भावाचा द्वेष केला असं मला वाटत नाही. त्याला तिथं भाऊ दिसलाच नसावा, रंग दिसला असावा. भाऊ दिसला तो घरी आल्यावर, ताटावर बसल्यावर.

त्याच प्रयोगाची दुसरी फेरी झाली. या वेळी टीमबद्दल काही विचारलं नाही. फुटबॉलचे शौकीन म्हणून लिहा, या खेळानं तुम्हाला काय दिलं ते सांगा, असं सांगितलं. पुन्हा तोच माणूस पडला. आता लिव्हरपूलच्या जर्सीतल्या माणसालाही बहुतेकांनी उचललं. विद्यार्थी मँचेस्टर युनायटेडचेच होते आणि कुणी त्यांना टीम सोडायला सांगितलं नव्हतं. फक्त 'आपण' या शब्दाचं रिंगण थोडं मोठं आखलं होतं. साधा शर्टवाला मात्र या खेपेलाही बाहेरच राहिला, हेही तितकंच खरं. रिंगण कितीही मोठं केलं तरी कुणीतरी बाहेर उरतोच.

म्हणून सासूबाईंचं ऐकू नका. तालीम बंद केली तर पोराला वाटेल की घरानंच त्याच्या पेठेवर हात टाकला, आणि गटावर बाहेरून दाब आला की गट जास्त घट्ट होतो. शिवाय जे तुम्ही हिरावून घेताय त्याच्या बदल्यात घरात आहे काय? झेंडा नाही, 'बारक्या' म्हणून हाक नाही.

मिस्टरांचंही पूर्ण बरोबर नाही. त्यांना हा मजकूर वाचून दाखवा, कारण पुढचं काम त्यांचंच आहे. 'भाऊ पडला तर उचलायचा' हे तुम्ही शंभरदा सांगितलंत तरी मुलाच्या कानाला ते मामाच्या पेठेचं बोलणं वाटेल. तेच वाक्य तालमीतल्या माणसाच्या तोंडून आलं की तो तालमीचा रिवाज होतो. गर्दीत पोरं काय करतात हे रक्त किती तापलं यावर कमी आणि 'आपल्यात काय शोभतं' यावर जास्त ठरतं. पोरं ज्याचं ऐकतात असा एखादा जुना खेळाडू किंवा जुना पैलवान प्रत्येक तालमीत असतो. मिस्टरांनी त्याला गाठावं. मुलाचं नाव घेऊ नये, तो प्रसंग उगाळू नये. पुढच्या मॅचआधी त्यानं सगळ्यांसमोर एवढंच म्हणावं, की पडलेल्याला उचलतो तो आपल्या तालमीचा, मग रंग कुठलाही असो. याचा उपयोग तुमच्या मुलापुरताच होणार नाही. त्या दिवशी गेटवर असे दहा पावलांवर थांबलेले आणखीही असतील.

आता मे महिना. तुमच्या मनात असणार की दोघांना समोरासमोर बसवावं, माफी मागायला लावावी, हातात हात द्यायला लावावेत. एवढं करू नका. मुझफर शेरीफ नावाच्या संशोधकानं १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट केले. एकानं स्वतःला गरुड म्हणवलं, दुसऱ्यानं खुळखुळ्या साप. मोठ्यांनी मुद्दाम सामने लावले, बक्षिसं मांडली, आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग दोघांना एकत्र जेवायला बसवून पाहिलं, तर पोरांनी एकमेकांच्या अंगावर अन्न फेकलं. नुसतं जवळ आणून काही साधत नाही. पुढं पाण्याची टाकी बंद पडली तेव्हा दोन्ही गट मिळून बिघाड शोधायला निघाले. जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा सगळ्यांनी दोर लावून ओढला. तोच दोर त्यांनी आधी एकमेकांविरुद्धच्या रस्सीखेचीत वापरला होता! एकदोन कामांनी तेढ गेली नाही, पण कामावर काम पडत गेलं तशी ती ओसरली.

आपल्याला हे ओक्लाहोमातून शिकायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या आईच्या घरात शिरलेलं तेच पाणी. त्या आठवड्यात मी कोल्हापुरात अडकलो होतो. गुडघाभर पाण्यातून पिठल्या-भाताचे डबे घेऊन पोरं येत होती. एका डब्यावर आमच्या वैरी पेठेतल्या मंडळाचं नाव रंगवलेलं होतं. मी तो भात खाल्ला, आणि मला तांब्या आठवला.

तर मुलाला आईकडं न्या आणि भावालाही त्याच्या मुलाला पाठवायला सांगा. समेटाचा शब्द काढू नका. सामान माळ्यावर चढवायचंय, एवढंच निमित्त. तुमच्या आईकडं एखादी लोखंडी ट्रंक असेलच, आपल्या सगळ्यांच्या आयांकडं असते, लग्नातली भांडी आणि जुने शालू भरलेली. ती एका पोराला उचलत नाही. शिडीवर एक वर हवा, एक खाली हवा, आणि दोघांना 'धर', 'सोड', 'थांब' असं एकमेकांशी बोलावंच लागतं. तुम्ही मदतीला जाऊ नका, स्वयंपाकघरात राहा. भांडू लागले तर भांडू द्या. ट्रंकेवरून झालेलं भांडण पेठेवरून झालेल्या भांडणापेक्षा फार बरं. संध्याकाळी टीव्हीवर मेस्सीची एखादी जुनी मॅच लावून ठेवा. दोघांचं ते रिंगण अजून पुसलेलं नाही, त्यावर फक्त धूळ बसलीय. माफी तेव्हा मागितली जाईल, किंवा शब्दांत कधीच मागितली जाणार नाही आणि गुडघ्याकडं बघून 'दुखतंय का रं?' एवढंच विचारलं जाईल. तेवढं पुरे माना.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, मॅचच्या दिवशी आतल्या खोलीत बसते, कुणाचीच बाजू घेत नाही. ताई, हे मला सगळ्यात जास्त लागलं. किती वर्षं बसताय? लग्न झालेल्या बाईनं माहेरचा रंग उंबऱ्याबाहेर ठेवून यावा, हे तुम्हाला कुणी उघड सांगितलं नसेलही, पण तुम्ही ते पाळलंत. मुलानं लहानपणापासून काय पाहिलं? दोन पेठा एका माणसात मावत नाहीत. मावल्या असत्या तर आई बाहेर येऊन बसली असती. मग 'तू त्यांचीच हाईस की' हे वाक्य त्यानं हवेतून उचललेलं नाही.

पुढच्या मॅचला बाहेर या. माहेरची टीम गोल मारेल तेव्हा टाळी वाजवा, सासरची मारेल तेव्हाही वाजवा. सासूबाई काही म्हणाल्या तर हसून सांगा, 'मी दोन्हीकडची.' मुलगा पुन्हा म्हणाला, 'तू त्यांचीच हाईस की,' तर रडू नका, रागावू नका. त्याच्याजवळ बसून सांगा, 'व्हय, त्यांची हाय. तुझीबी हाय. आणि तूही थोडा त्यांचा हाईस, माझ्या पोटचा हाईस म्हणून.' तो तेव्हा काही बोलणार नाही, कदाचित उठूनही जाईल. जाऊ द्या.

मे महिन्यात आईकडून परत आलात की मला दोन ओळी लिहा. ट्रंक वर चढली का, ते कळवा.